गोवनकाकाचं इंजिन

नाव कमलबाई लिहा, आडनाव राहू द्या, आडनावानी काय होतं. जन्म तापीकाठचा, शहाद्याच्या अलीकडं आमचं गाव, आन नदी तीच बघा ना, लहानपनी ज्या पान्यात आम्ही म्हशी धुतल्या तेच पानी इथं सुरतेला येऊन समुद्राला भेटतं, म्हनून मला इथं परकं असं कधी वाटलं नाही. घरात आमची अहिरानी चालते, नातवंडं गुजरातीत भांडतात, तुमच्यासाठी मी मराठीत सांगते, पन मधेमधे पाय घसरेल, तेवढं समजून घ्या ताई.

लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची, आन हे पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये हेल्पर. नाव नाही घेत मी, पोरं आप्पा म्हनतात, मी बी आप्पाच म्हनेन. हेल्परचे फिटर झाले, फिटरचे मिस्त्री झाले, कोनी शिकवलं नाही, बघून बघून शिकले. मिलमध्ये कुठलं बी मशीन अडलं की मिस्त्रीला बोलवा. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मशीनला लावायचं, दुसरं कानाला, आन डोळे मिटून उभं राहायचं, मंग सांगायचं की अमुक बेअरिंग गेलं. उघडलं की तेच निघायचं. सेठ बी मान द्यायचा. मान मिळाला की मानूस जरा ताठ होतो, तसे आप्पा ताठ होते. त्यांची हत्यारं मी कधी हातात धरली नाहीत. दसऱ्याला हत्यारांची पूजा असायची तर हळदकुंकू बी तेच लावायचे, मी फक्त ताट नेऊन द्यायचं. भांडन नव्हतं त्यात काही, रीतच तशी होती, मला बी कधी वाटलं नाही की हात लावावा.

माझं काम वेगळं. उधन्याला राहायला आलो तेव्हापासून मी साड्यांचं धागा कटिंग करते. भरतकामाची साडी मशीनवरून येते ना, तिच्या उलट्या बाजूला धागेच धागे लोंबत असतात, ते छोट्या कटरनी कापायचे, पन कापताना कापडाला टोक लागलं नाही पाहिजे, साडीला भोक पडलं तर साडी आपल्या अंगावर. तीस वर्षं मी ते केलं, टीव्ही बघता बघता केलं, पोरांना पाजता पाजता केलं. हाताला कळतं तेव्हा, डोळ्याला सांगावं लागत नाही. हे मी तुम्हाला का सांगू राहिले ते पुढं कळेल.

मंग लकवा. दोन हिवाळे झाले. सकाळी आप्पा दात घासू राहिले होते, तर हातातला तांब्या पडला, मी आतून ओरडले की पाडापाडी काय चालली, बाहेर येऊन बघते तर मानूस भिंतीला धरून उभा आन तोंड एका बाजूला गेलेलं. दवाखाना झाला, मालिश झाली, पाय थोडा आला. हात नाही आला. उजवा हात असा, मांडीवर ठेवला तर मांडीवर, खाटेवर ठेवला तर खाटेवर. जीभ बी जड झाली, हं आन नाही, एवढंच. मुलगा मनोज कामाला जातो, सूनबाई घरचं बघते, मी साड्या कापते, आन आप्पा भिंतीकडं तोंड करून पडलेले. खायला दिलं तर दोन घास. मला काय वाटायचं सांगू ताई, लकव्यानी मानूस मरत नाही, हा भिंतीकडं बघून मरनार. शेजारची उषाबेन म्हनायची, कमलबेन, वेळ जाऊ द्या. मी म्हनायची, वेळ तर त्यांचाच चाललाय.

आता गोवनकाका. हा डुमसच्या पुढचा, खाडीकाठचा मच्छीमार, पिढ्यान पिढ्या समुद्रावरचा मानूस. चार महिने पावसात होड्या बंद असतात, तेव्हा फार वर्षांपूर्वी तो मिलमध्ये बॉयलरवर कोळसा टाकायला यायचा, तिथं आप्पांशी त्याची गाठ पडली. एक गुजराती, एक खान्देशी, दोघं बी कमी बोलनारे, त्यामुळं जमलं. मधली किती वर्षं भेट नव्हती. तर गेल्या वर्षी जेठ महिन्यात, उन्हाळा संपायला आला होता, दारात टेम्पो उभा राहिला, आन त्यात गोवनकाका, आन त्याच्या मागं ताडपत्रीत बांधलेलं एक धूड. त्याला आप्पांचं माहीतच नव्हतं. तो उतरला हसत हसत, मिस्त्री क्यां छे, करत आत आला, आन खाटेवर बघितलं आन तसाच उभा राहिला. मी पानी दिलं. तो बसला, आन घाम पुसत राहिला.

मंग हळूहळू त्यानी मला सांगितलं. त्याच्या बापाच्या लाकडी मछव्यात हे इंजिन होतं, विलायतेचं, एका सिलिंडरचं, बापानी कुनाकडून जुनंच घेतलेलं. मछवा कधीच कुजला, इंजिन अंगनात चिखलात पडून. पोरांच्या आता नव्या होड्या, नवी इंजिनं, ती म्हनतात भंगारात घालू, जागा अडते. गोवनकाकाचं म्हननं एवढंच की एकदा चालू करून बघायचं. श्रावनातल्या पुनमेला नारळ सोडून होड्या पान्यात घालतात, त्या दिवशी काठावर बापाचं इंजिन वाजलं पाहिजे, एकदा, मंग न्या कुठं न्यायचं ते. पोरं म्हनाली, पुनमेपर्यंत थांबतो, चालू झालं तर राहू दे आयुष्यभर, नाही झालं तर भंगारवाला. आन तो म्हनाला, बेन, मला माहीत असतं तर मी आलोच नसतो, जातो मी, टेम्पो उभाच आहे.

तेवढ्यात खाट वाजली. बघते तर आप्पांनी कूस बदललेली. भिंतीकडची पाठ आता भिंतीला, आन तोंड दाराकडं. डावा हात वर केला आन खाली आपटला, असा, दोनदा. मला कळलं नाही, गोवनकाकाला कळलं. उतरवायला सांगू राहिले होते.

ओट्यासमोर पत्र्याची सावली आहे आमची, तिथं उतरवलं. कसलं इंजिन म्हनू मी त्याला, गंजाचा ढीगच तो. जाड बिडाचं, बाजूला हे एवढं मोठं चाक, आन डोक्यावर लोखंडाची एक टोपी. ती टोपी आधी स्टोव्हच्या ज्वाळेनी लाल करायची, मंग चाकाला झोका द्यायचा, तेव्हा ते पेटतं, किल्ली नाही, बटन नाही, काही नाही. मी म्हनलं हे इंजिन आहे की चूल. आप्पांना खुर्चीवर बसवलं समोर, तर ते त्याच्याकडं असे बघत बसले की काय सांगू तुम्हाला, पोरगी बघायला आले तेव्हा माझ्याकडं बी असं बघितलं नव्हतं. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं की हे धूड चालू झालं पाहिजे. गोवनकाकाचा बाप मला काय माहीत, मला माझा मानूस भिंतीकडून वळलेला पाहिजे होता. पन करनार कोन? मनोज म्हनाला, आई, मला मोबाइलचं सांग, हे नाही जमत. मिलमधला एक मिस्त्री येऊन बघून गेला, म्हनाला याचे पार्ट मिळत नाहीत, टाकून द्या. आप्पांनी तिकडं बघितलं बी नाही. तो मिस्त्री गेल्यावर आप्पांनी डाव्या हातानी नट खोलायच्या पान्याकडं बोट केलं, आन मंग माझ्याकडं. मी मागं वळून बघितलं की मागं कोन आहे. कोनीच नव्हतं.

असं सुरू झालं. नट उघडायला मी, दाखवायला ते. तोंडातून शब्द नाही, तर खडूनी फरशीवर काढून दाखवायचे, डाव्या हाताची ती वाकडीतिकडी चित्रं, मला वाटायचं हा बेडूक आहे की पिस्टन. चुकलं की हूं करायचे, बरोबर असलं की गप्प. सगळ्या नटांवर घासलेट आन तेल सोडून ठेवायचं, रोज सकाळी आंघोळीनंतर देवाला पानी घातल्यासारखं मी आधी इंजिनाला घासलेट घालायची. सूनबाई म्हनायची, आई, वरनाला बी घासलेटचा वास येऊ राहिला. अकराव्या दिवशी अडकलेला पिस्टन हलला, केसाएवढा हलला असेल, पन हलला. आप्पांच्या तोंडाची चालती बाजू हसली.

पिस्टन निघाला, सिलिंडर चांगलं होतं, रिंगा उधन्यातून करून आनल्या. खरा रोग निघाला बेअरिंगमध्ये. आता बेअरिंग म्हनजे आजकाल छर्ऱ्यांचं असतं ते नाही ताई, हे जुन्या पद्धतीचं, दोन वाट्या असतात अर्ध्या अर्ध्या, आत मऊ पांढरी धातू ओतलेली, आन त्यांच्यात तो जाड दांडा फिरतो. ती धातू सगळी खाऊन गेलेली. ती वितळवून नवीन ओतायची, लेथवाल्याकडून साधारन आकार करून घ्यायचा, आन मंग हातानी खरवडून दांड्याला बसवायची. त्याला मशीन नाही, हातच लागतो. दांड्याला निळा रंग अगदी पातळ लावायचा, वाटी त्यावर ठेवून फिरवायची, उचलायची, आन जिथं निळं लागलं ती जागा उंच, तेवढीच खरवडायची. परत रंग, परत फिरव, परत खरवड. आधी दोनच ठिकानी निळं येतं, मंग चार, मंग करता करता सगळीकडं बारीक बारीक ठिपके येतात, तेव्हा बसलं म्हनायचं. जास्त खरवडलं तर संपलं, धातू परत लावता येत नाही.

खरवडायचं हत्यार आप्पांचं स्वतःचं, त्रिकोनी कानस घासून केलेलं, त्याला मिलमध्ये दुसरा कोनी हात लावत नव्हता. त्यांनी ते पेटीतून काढलं, डाव्या हातानी धरून बघितलं, एक ओढ मारली, वाटीला उभा चरा पडला. थांबले. बराच वेळ त्या चऱ्याकडं बघत बसले. मला वाटलं आता उठतील आन खाटेवर जाऊन भिंतीकडं वळतील. पन त्यांनी हत्यार माझ्या हातात दिलं. मी म्हनलं मला नाही येत, हे साडीचं काम आहे का. तर त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातानी, मागून, खुर्ची माझ्या पाठीशी ओढून, आन माझ्या हाताला दाखवलं की दाब किती द्यायचा, कुठं सोडायचा.

आता ऐका, भरदिवसा, ओट्यासमोर, सगळी सोसायटी येती जाती. लग्नाला चाळीस वर्षं झाली, या मानसानी चार लोकांत माझा हात कधी धरला नव्हता, जत्रेत सुद्धा चार पावलं पुढं चालायचे, मीच पळत मागं. आन आता म्हातारपनी हात धरला, तो बी लोखंड घासायला. उषाबेन गॅलरीत उभी राहून म्हनते कशी, कमलबेन, हवे तो वरराजा हाथ झाले छे, म्हनजे आता कुठं नवरदेव हात धरू राहिलाय. मी पदर तोंडात धरून हसले. आप्पांना काही नाही, हूं. खरवड.

अठरा दिवस लागले. रोज सकाळी दोन तास, दुपारी साड्या, परत संध्याकाळी उजेड असेपर्यंत. हळूहळू मला कळायला लागलं की हे धाग्यासारखंच आहे, खालचं कापड वाचवून वरचं तेवढं घ्यायचं. पन मनगटावरचा हात रोज यायचा. आन मानूस आता नीट जेवत होता, न सांगता आंघोळीला उठत होता, नाही म्हनायच्या जागी पुरं वाक्य म्हनायला बघत होता, निम्मं ओठातच राहायचं. शेवटी वाट्यांवर निळे ठिपके हरभऱ्याच्या डाळीसारखे सगळीकडं सारखे आले. आप्पांनी वाटी उजेडात धरली, फिरवली, आन कापडावर ठेवली. झालं म्हनजे.

आन मंग मी माती केली.

कानबाई आमच्या खान्देशी लोकांची देवी, श्रावनात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात येते. ती यायच्या आधी घर धुवायचं, गोधड्या धुवायच्या, भांडीकुंडी राखेनी घासून लख्ख करायची, एक चमचा काळा राहिला नाही पाहिजे. त्या दिवशी मी परात, तांबे, समया, हंडा सगळं ओट्यावर घेऊन बसले, चाळलेली राख, काथ्या, चिंच. आप्पा जेवून झोपले होते. घासता घासता माझं लक्ष गेलं, कापडावर त्या दोन वाट्या, निळ्या डागांनी मळलेल्या. म्हनलं देवी घरात येनार, आन उद्या गोवनकाका बघायला येनार, आन या अशा कळकट. एवढी मेहनत केली तर दिसायला बी पाहिजे. घेतली राख, घेतला काथ्या, आन घासल्या. अशा चमकल्या ताई, चांदीच्या वाट्या वाटल्या, तोंड दिसत होतं. मी स्वतःवरच खूश.

आप्पा उठून आले. वाटी उचलली, अंगठा फिरवला आतून, एकदा फिरवला, परत फिरवला. मंग नाकाला लावली. मंग माझ्याकडं बघितलं आन स्वच्छ बोलले, लकव्यानंतर पहिल्यांदा एवढं स्वच्छ, तुनी राख लाई?

मी म्हनलं, हो, चाळून लावली.

ते खुर्चीवर बसले. मला कळेना काय झालं. मंग त्यांनी दांड्याचं टोक दाखवलं, वाटीत नख रोवून दाखवलं, राखेची चिमूट घेऊन वाटीवर दाबली, आन मला कळलं. धातू मऊ, राखेचा कन त्यात रुतून बसतो, पुसून निघत नाही, आन मंग दांडा फिरला की ती वाटी पॉलिश पेपरसारखी दांड्यालाच खाते. अठरा दिवस राखेत. पुनम नऊ दिवसांवर.

मी आत जाऊन चुलीपाशी बसले आन रडले. वाट्यांसाठी नाही रडले, खोटं कशाला बोलू. मला खाटेचा आवाज ऐकू येईल म्हनून कान देऊन बसले होते, की आता हा मानूस जाऊन पडला, आता भिंत, आता परत दोन घास. आन भिंतीकडं त्यांना मीच वळवलं, माझ्या हातानी, चाळून चाळून. आवाज खाटेचा आला नाही. पाय ओढत यायचा आवाज आला. उंबऱ्यापर्यंत आले, चौकट धरून उभे राहिले, काठी बी नाही हातात. आन म्हनाले, फिरी वतूत. परत ओतू म्हनजे. एवढं म्हनले आन हसायला लागले. अर्ध्याच तोंडानी हसायचे ते, पन असे हसले की डोळ्यातून पानी आलं, परातीकडं बोट करायचे, वाटीकडं बोट करायचे आन परत हसायचे. मी रडतेय आन हे हसू राहिलेत. मला राग बी आला. मंग मला बी हसू आलं, काय करता.

दुसऱ्या दिवशी गोवनकाका आला, त्याला मीच सांगितलं, लपवलं नाही. तो बिचारा चांगला मानूस, म्हनाला जाऊ दे बेन, झालं ते झालं, मी पोरांना सांगतो घेऊन जा म्हनून. मी म्हनलं काका, इंजिन इथून हलनार नाही, पुनमेला टेम्पो घेऊन या. माझं मलाच नवल वाटलं, मी कोन हे सांगनारी. आप्पांनी मान हलवली.

धातू सिगडीवर वितळवली. आप्पांनी कागदाची सुरळी बुडवायला लावली, कागद भाजलेल्या पापडाच्या रंगाचा झाला की ओतायचं, पेट घेतला तर जास्त तापलं. त्यात मला शिकवायला लागलं नाही, खापरावर मांडे करनाऱ्या बाईला ताप कळतो. लेथवाल्यानी आमचं काम आधी घेतलं. कानबाईचा रविवार आन तिला तापीत बोळवायचा सोमवार, ते दोन दिवस हत्याराला हात नाही लावला, देवीचं ते देवीला. मंगळवारी सकाळी दांड्याला निळा रंग लावला, वाटी फिरवली, उचलली, हत्यार हातात घेतलं आन थांबले. मनगटावर हात यायची वाट बघत थांबले. आला नाही. मागं बघितलं तर आप्पा खुर्ची तिकडं लांब ओढून बसलेले, सुपातली तुरीची डाळ डाव्या हातानी निवडू राहिले. माझ्याकडं बघितलं बी नाही. मला काय वाटलं सांगू, आनंद व्हायला पाहिजे होता ना, मला वाईटच वाटलं थोडं. सवय लागली होती. मंग मी खरवडायला घेतलं. चार दिवसांत बसलं.

पुनमेला खाडीकाठी गेलो. नव्या होड्यांना फुलं, तोरनं, बायका नटलेल्या, ढोल. इंजिन दोन लाकडांवर बोल्टनी पक्कं केलं. स्टोव्हची ज्वाळा टोपीवर सोडली, पंधरा मिनिटं गेली, पोरं घाई करू राहिली की फिरवू का, मी म्हनलं थांबा, अजून नाही, रंग बघा जरा. मंग डाळिंबासारखी झाली टोपी तेव्हा आप्पांनी बोट वर केलं. गोवनकाकाच्या दोन पोरांनी चाकाला झोका दिला, एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा ढुक झालं, आन सुरू झालं तर उलटं फिरायला लागलं. त्या जातीचं इंजिन तसं पेटतं कधी कधी, त्याला कुठली बी दिशा चालते. सगळे हसले. बंद केलं, परत झोका दिला, आन मंग सरळ लागलं. ढुक, ढुक, ढुक, सावकाश, म्हातारा मानूस चालतो तसं. गोवनकाकानी टोपी काढली डोक्यावरची. तिथंच वाळूत बसला आन ऐकत राहिला. अर्धा तास चाललं. आप्पांनी बेअरिंगवर तळवा ठेवला, मी बी ठेवला. कोमट होतं, बाळाच्या अंगाएवढं. राहिलं ते इंजिन, भंगारात नाही गेलं, त्याच्या अंगनात शेड बांधलीये आता.

आन मंग लोकांनी आप्पांना हार घातला. नारळ दिला, शाल दिली, वाह मिस्त्री, एका हातानी करून दाखवलं, असं सगळे म्हनत होते. मी टेम्पोपाशी उभी होते. आप्पा बोलायला बघत होते, जीभ वळत नव्हती, एवढ्या गर्दीत ती आनखीच जड होते, माझ्याकडं बोट केलं तर लोकांना वाटलं घरी जायचंय, तर त्यांनी धरून आनून गाडीत बसवलं. मला राग नाही आला. माझा मानूस उभा होता, हार घालून उभा होता, मला तेच पाहिजे होतं. पन थोडं लागलं ताई. लागलं, ते बी सांगते.

आता या वर्षाचं सांगते, म्हनजे गेल्या महिन्याचं. कानबाईसाठी रोट करतात आमच्याकडं, जाड गोड पुऱ्यांसारखं, सगळी भाऊबंदकी एकत्र बसून खाते. त्याचे गहू मोजायची रीत आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आन त्याची सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. पुरुषांचीच, बायकांची मूठ नसते. भरायची बी ज्याची त्यानी, उजव्या हातानी. मागच्या वर्षी आप्पांची मूठ माझ्या जेठांनी, म्हनजे आप्पांच्या थोरल्या भावानी, भरली होती, डावा हात देवाला चालत नाही ना. या वर्षी बी जेठांच्या घरी सगळे जमलो, नावं सुरू झाली, जेठांनी स्वतःची भरली, आप्पांचं नाव घेतलं आन त्यांच्यासाठी पोत्यात हात घातला. तर आप्पा पुढं झाले आन जेठांचं मनगट धरलं. म्हनाले, मनी ती भरी. माझी ती भरेल.

मी मागं बायकांत उभी. माझी जेठानी, जेठांची बायको, मला ढकलू राहिली, जा ना. मी गेले, सव्वा मूठ भरली, सुपात टाकली आन मागं सरकले. जेठांनी मनोजचं नाव घेतलं. आप्पा म्हनाले, थांब. आते तिनी.

आता तिची.

जेठ मोठे, सगळ्या भाऊबंदकीत मोठे, त्यांच्या शब्दाबाहेर आम्ही कोनी नाही. ते आप्पांकडं बघत राहिले. कोनीतरी मागून म्हनालं की अशी रीत नाही. तर माझी जेठानी, चाळीस वर्षांत नवऱ्यासमोर तोंड न उघडलेली बाई, ती म्हनाली, कानबाई बी बाईच शे ना. जेठ पोत्यापासून जरा बाजूला झाले.

मी हात घातला. आता बघा ताई, त्या वाट्या खरवडताना माझा हात कधी हलला नाही, एक केस जास्त नाही घेतलं, आन तिथं मूठ सुपाकडं नेता नेता चार दाने फरशीवर सांडले. आप्पा वाकले. त्यांना वाकायला जमत नाही, तरी भिंतीला धरून वाकले, एकेक दाना डाव्या हातानी उचलला आन सुपात टाकला. डावा हात आहे, कोनी म्हनालं नाही. रोट झाले, आम्ही खाल्ले, चव तीच. देवी तुमच्या घरावर बी नजर ठेवो.